जीपीएसची फाईल बदलून लोकेशन पक्कं होतं का?

प्रश्न (रावेर तालुक्यातून): राम राम भाऊ. आमचं केळीचं वावर गावापासून लांब आहे. ई-पीक पाहणीला, म्हणजे अ‍ॅपवर शेतातून पिकाची नोंद करायला, उभा राहिलो की फोन कधी मला माझ्या गटात दाखवतो, कधी शेजारच्याच्या. मोबाईल दुकानावरचा पोरगा म्हणतो फोन रूट करू, म्हणजे आतल्या बंद फाईली बदलता येतील असा मोकळा करू, आत जीपीएस.कॉन्फ नावाची फाईल असते, तिच्यात भारतातला सर्व्हर टाकला की लोकेशन एकदम करेक्ट येतं. पैसे पण मागतोय. करू का?

उत्तर: राम राम. करू नका, आणि पैसे तर अजिबात देऊ नका.

ती फाईल खरी आहे, पोरगा खोटं बोलत नाहीये, फक्त ती काय काम करते ते त्याला नीट माहीत नाही. सॅटेलाईट आपल्यापासून जवळपास 20,200 किलोमीटर वर, आणि स्वतःचा ठावठिकाणा तो सेकंदाला 50 बिट अशा गोगलगाईच्या चालीने पाठवतो, म्हणजे एका सॅटेलाईटची कामापुरती माहिती उतरायला 30 सेकंद लागतात आणि मधेच सिग्नल तुटला की परत थांबा. हीच माहिती नेटवरून आधीच आणली तर मॅपवर तुमची जागा दाखवणारा ठिपका काही सेकंदात येतो. त्या फाईलमध्ये ही माहिती आणि घड्याळाची वेळ कुठल्या सर्व्हरवरून घ्यायची त्याचे पत्ते असतात. म्हणजे फरक पडलाच तर पहिला ठिपका किती लवकर येतो यात पडेल, तो किती अचूक येतो यात नाही.

सर्व्हर भारतातला टाकला तर वेळ काही मिलिसेकंदांनी जास्त बरोबर मिळेल, हे मान्य. पण रेडिओचा सिग्नल एका मिलिसेकंदात 300 किलोमीटर जातो! नेटवरच्या वेळेवर हिशोब केला असता तर फोनने तुम्हाला रावेरऐवजी नाशकात दाखवलं असतं. म्हणून फोन ती वेळ फक्त सुरुवातीला अंदाज म्हणून वापरतो, खरी वेळ तो चार किंवा जास्त सॅटेलाईटच्या सिग्नलवरून स्वतः काढतो.

मग लोकांना फरक का जाणवतो? फाईल बदलतात, लगेच दुकानाबाहेर उघड्यावर येऊन बघतात, आणि थोड्या वेळापूर्वीच उतरवलेली सॅटेलाईटची माहिती फोनमध्ये ताजीच असते, ती काही तास चालते, त्यामुळे ठिपका पटकन येतो आणि नाव फाईलचं होतं. नवीन फोनमध्ये तर बऱ्याचदा चिप त्या ओळींकडे बघतही नाही. उलट रूट करताना बूटलोडर, म्हणजे फोन चालू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडला की फोनमधला सगळा डेटा उडतो, वॉरंटीचा वांधा होतो आणि बँकेची अ‍ॅप चालायची बंद होऊ शकतात, आजकाल यूपीआयशिवाय खताची गोणी घेणंही अवघड आहे, त्यामुळे हे नुकसान लहान समजू नका.

तुमचं खरं दुखणं केळीचं आहे. केळीची पानं मोठी, पाण्याने भरलेली, आणि जीपीएसचा सिग्नल मुळातच इतका कमजोर की दाट बागेत तो दबतो, काही वेळा आपटून फिरून येतो. उघड्या आकाशाखाली साधा फोन साधारण 5 मीटरपर्यंत बरोबर असतो. पण बांधावरच उभं राहिलात तर 5 मीटर म्हणजे शेजारच्याचं वावर झालं ना! म्हणून बांधापासून आत, पण जिथे वर आकाश दिसतं तिथे उभे राहा, घड कापून मोकळी झालेली जागा असेल तर उत्तम. मॅप उघडून एक-दोन मिनिटं फोन हातात धरा, ठिपक्याभोवतीचं निळं वर्तुळ लहान होईपर्यंत फोटो काढू नका. बॅटरी सेव्हर बंद, अ‍ॅपला ‘अचूक लोकेशन’ची परवानगी चालू, धातूचं कव्हर असेल तर काढा. एवढं करूनही ठिपका नेमका तुम्ही उभे आहात तिथेच आणि अ‍ॅप मात्र गट वेगळा म्हणत असेल, तर तो फोनचा प्रश्नच नाही, तलाठ्यांना दाखवा.

पुढे फोन घ्याल तेव्हा नेहमीच्या सिग्नलसोबत एल-5, म्हणजे सॅटेलाईटचा दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरचा सिग्नलही पकडणारा बघा. दोन फ्रिक्वेन्सी घेतल्या की आपटून आलेला सिग्नल ओळखणं चिपला सोपं जातं. फरक इथे पडतो.

प्रश्न (शहाद्याहून): तोरणमाळच्या घाटात रेंज नसते, मग जीपीएस चालतं का?

उत्तर: चालतं, सिमही लागत नाही. पहिल्यांदा ठिपका यायला वेळ लागेल. नकाशा मात्र शहाद्यातच ऑफलाईन डाऊनलोड करून घ्या, नाहीतर कोऱ्या स्क्रीनवर नुसता ठिपका दिसेल.