अ‍ॅनिमोन पांढरं पडलंय, रोज कोळंबी देतेय तरी!

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): ३ महिन्यांपूर्वी १५० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक लावला. मागच्या महिन्यात क्लाऊनफिशची जोडी आणि बबल टिप अ‍ॅनिमोन (दगडाला चिकटून राहणारं, फुलासारखं दिसणारं समुद्री जनावर) आणलं. रोज एक अख्खी कोळंबी देते, रात्री आत घेतं पण सकाळी बघावं तर बाहेर टाकलेली. आणलं तेव्हा छान तपकिरी होतं, आता पार पांढरं पडलंय आणि आक्रसलंय. उपाशी राहतंय का? खाणं वाढवू?

उत्तर: ताई, अख्खी कोळंबी आजच बंद करा. अ‍ॅनिमोनला तोंड एकच, खायचंही त्यातूनच आणि टाकायचंही त्यातूनच, त्यामुळे जे पचलं नाही ते रात्रीत बाहेर येतं, खाली पडून सडतं, अमोनिया वाढतो आणि त्रास परत त्यालाच. शिवाय एवढा घास पचवण्यात त्याची ताकद जाते ते वेगळंच.

आता पांढरं का पडलं ते सांगते. तो तपकिरी रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या बारीक शेवाळाचा असतो, ते शेवाळ उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं अ‍ॅनिमोनला देतं, म्हणजे त्याचं पोट मुख्य भरतं ते लाइटवर, कोळंबी वरची. लाइट कमी पडला, एकदम फार वाढला, पाणी तापलं किंवा बिघडलं की ते शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि जनावर पांढरं दिसायला लागतं. दुकानात बरेचदा पांढरंशुभ्र अ‍ॅनिमोन "रेअर कलर" म्हणून गळ्यात मारतात, ते आजारी असतं, कृपा करून घेऊ नका.

तुमचं वाचू शकतं. तुमच्या टँकवर साधी मासे दिसण्यापुरती एलईडी पट्टी असेल तर ती पुरणार नाही, रीफसाठीचा (प्रवाळ-अ‍ॅनिमोनच्या टँकचा) जोरदार लाइट घ्या, पण पहिल्याच दिवशी फुल्ल लावू नका, कमीवर सुरू करून २-३ आठवड्यांत हळूहळू वाढवा, दिवसाला ८-१० तास. खाणं पूर्ण बंदही करू नका कारण शेवाळ नसताना तेवढाच आधार आहे. कोळंबी किंवा माकुलाचा करंगळीच्या नखापेक्षा लहान तुकडा, आठवड्यातून २-३ वेळा, चिमट्याने हळूच टेंटॅकलला (तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या शुंडांना) टेकवायचा. चिकटला नाही तर काढून घ्या, ढकलू नका. रंग परत आला की आठवड्यातून एकदा बास. कोळणीकडून ताजी कोळंबी आणलीत तर सोलून, आरओच्या पाण्यात धुऊन, तुकडे करून फ्रीझरला टाका आणि हो, घरात हळद-मीठ लावायच्या आधीच त्याचा वाटा बाजूला काढा!

पाण्याचं म्हणाल तर खारेपणा म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश, अमोनिया शून्य. घरातल्या प्यायच्या आरओत बरेचदा मिनरल परत मिसळलेले असतात तेव्हा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून बघा, शून्याच्या जवळ हवा. एप्रिल-मेमध्ये टँक सहज ३० च्या वर जातो, चिलर नसेल तर निदान पाण्यावर पंखा सोडा, आणि जेवढं पाणी उडेल तेवढं गोडं आरओचं घाला, खारं नाही, कारण मीठ उडत नाही. ३ महिन्यांचा टँक मुळात फार लवकर झाला, ६ महिने तरी थांबायला हवं होतं. दुकानदाराने हे सांगायलाच पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं.

तोंड सारखं उघडं पडलेलं, अंग विरघळल्यासारखं आणि कुजका वास, असं झालं तर मात्र लगेच बाहेर काढा, ते गेलेलं असतं आणि एका रात्रीत अख्खा टँक घेऊन जातं. नुसतं आक्रसलं म्हणून घाबरू नका, आतलं पाणी बदलायला ते असं करतंच.

प्रश्न (पुणे): आमचं अ‍ॅनिमोन सारखं फिरतं, काल पॉवरहेडजवळ (टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाजवळ) पोचलं. ओढून जागेवर लावू का?

उत्तर: ओढू नका! पाय (दगडाला चिकटणारं बूड) फाटला तर सहसा वाचत नाही. ते फिरतंय म्हणजे त्याला उजेड नाहीतर प्रवाह पसंत नाही. आधी पॉवरहेडला स्पंज किंवा जाळी लावा, आज रात्रीच, कारण एकदा आत ओढलं गेलं की चिंधड्या होतात. मग दगडांत एखादी खोल फट ठेवा, बबल टिपला पाय फटीत लपवायला आणि टेंटॅकल उजेडात ठेवायला आवडतं. जागा पटली की महिनोन्‌महिने हलत नाही.

प्रश्न (रत्नागिरी): ओहोटीला खडकांवर अ‍ॅनिमोन दिसतात, एक घरी आणू का? आणि जगतं किती?

उत्तर: आणू नका, तिथे बसून तासभर बघा, खूप सुंदर दिसतं. खडकावरून काढताना पाय फाटतो, आणि भरती-ओहोटीची सवय असलेलं जनावर घरच्या टँकमध्ये टिकवणं अवघड. जगण्याचं म्हणाल तर स्कॉटलंडमध्ये १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेलं एक अ‍ॅनिमोन काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगलं, लोक त्याला "ग्रॅनी" म्हणजे आजी म्हणायचे. ज्याने आणलं तो माणूस आधी गेला, मग दुसऱ्यांनी सांभाळलं. तेव्हा टँक लावायच्या आधी घरात विचारून ठेवा, तुमच्यानंतर त्याचं पाणी कोण बदलणार.