नाशिकला एवढी धरणं असून वीज कोळशाची का? (उत्तर)

प्रश्न असा होता: "नाशिक जिल्ह्यात इतकी धरणं आहेत, मग एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात कोळसा कशाला जाळतात? धरणाच्या पाण्यावर फुकटात वीज का बनवत नाहीत?"

तुमच्या प्रश्नातला तो 'फुकटात' शब्द वाचला आणि मोबाईल हातातून खाली ठेववेना. मी एका जलविद्युत केंद्रात फिटर म्हणून नोकरी केली, आता रिटायर होऊन नाशिकलाच असतो. केंद्राचं नाव लिहीत नाही, तिथली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत.

आधी हिशोब सांगतो. पाण्यापासून वीज दोन गोष्टींवर निघते, पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडतं, आमच्याकडे त्या उंचीला हेड म्हणतात. समजा साडेतीनशे क्युसेक पाणी आहे, म्हणजे सेकंदाला 10 घनमीटर. ते 20 मीटरवरून टर्बाइनमध्ये सोडलं तर जेमतेम पावणेदोन मेगावॅट मिळतात. तेच पाणी कोयनेसारखं सुमारे 475 मीटर खाली आणलं की जवळपास 40 मेगावॅट. कोयनेला सह्याद्रीचा कडा आहे, पाणी कोकणात उतरतं. आपल्या गोदावरीचं पाणी पूर्वेला सपाटीवरून जातं, गंगापूर धरणाच्या पायथ्याशी तो कडा कुठून आणणार? वैतरणेचं पाणी घाट उतरतं म्हणून त्याच्यावर 60 मेगावॅटचं केंद्र झालं. आणि पैठणला जायकवाडीसारखा समुद्राएवढा जलाशय असून तिथलं यंत्र 12 मेगावॅटचं. एकलहऱ्याचा एकेक संच, म्हणजे वीज बनवणारं एक पूर्ण मशीन, 210 मेगावॅटचा आहे, म्हणजे बघा.

पुरात गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की सगळे म्हणतात बघा किती वीज वाया चालली. पण पुरात धरणाच्या खालच्या बाजूलाही पाणी चढतं, मग हेड कमी होतं. आणि ते चार दिवसांचं पाणी, त्याच्यासाठी मोठं मशीन बसवून बाकी वर्षभर त्याच्याकडे बघत बसायचं का?

आता 'फुकट' बद्दल. आमचे दाजी औष्णिक केंद्रात होते. दर दिवाळीला भाऊबीजेच्या जेवणात एकच वाक्य, "तुमचं काय, नळ सोडला की वीज." मी हसून सोडून द्यायचो. एका वर्षी आमच्या एका संचाचा आवाज बदलला, खाली ड्राफ्ट ट्यूबमध्ये, म्हणजे टर्बाइनमधून पाणी बाहेर पडतं त्या नळीत, कोणी खडी ओततंय असा खडखडाट. आधीचे कित्येक महिने वरून सांगतील तसं ते मशीन अर्ध्या लोडवर चालवत होते, आम्ही लॉगबुकात लिहीत होतो, वाचतंय कोण. शेवटी बंद केलं, पाणी आत येतं ते इनटेक गेट बंद केलं, पेनस्टॉक म्हणजे टर्बाइनला पाणी आणणारा मोठा पाइप रिकामा केला आणि मॅनहोल उघडून मी आत गेलो. चोवीस व्होल्टचा हातदिवा, खाली फळ्यांची माची, वर गाइड व्हेनच्या, म्हणजे पाणी आत वळवणाऱ्या झडपांच्या, फटीतून ठिबकणारं पाणी मानेवर पडतंय, ओल्या गाळाचा वास. रनरच्या, म्हणजे पाण्याने फिरणाऱ्या चाकाच्या, पात्याखाली हात फिरवला तर स्टील वाळवीने खाल्लेल्या चौकटीसारखं, करंगळीचं टोक आत जाईल एवढी भोकं. याला कॅव्हिटेशन म्हणतात. दाब एकदम घटला की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पात्याला लागून फुटतात, लाखो वेळा, नुसत्या पाण्याने लोखंड पोखरलं जातं.

अकरा दिवस दोन शिफ्टमध्ये काम चाललं. खराब भाग ग्राइंडरने काढायचा, स्टेनलेसच्या रॉडने भरायचा, पात्याचा बाक टेम्प्लेट लावून तपासायचा, परत घासायचं, लाल रंगाचा डाय मारून चीर राहिली का बघायचं. आत उताणं झोपून वेल्डिंग, धूर बाहेर जायला एकच ब्लोअर. त्याच आठवड्यात भाचीचा साखरपुडा होता. मी मामा, पण मला जाता आलं नाही. दाजी भरल्या मांडवात म्हणाले, "नळ सोडायला दुसरा माणूस नव्हता का?" ताईने फोनवर सांगितलं तेव्हा मी रडलो, खरं सांगतो. अकराव्या दिवशी पाणी सोडलं आणि मशीन शांतपणे स्पीडला आलं, बेअरिंगच्या झाकणावर उभं केलेलं नाणं पडलं नाही.

आणि दाजींना कधी तोंडावर सांगितलं नाही ते इथे लिहितो. औष्णिक संच थंड पडला की परत उभा करायला कित्येक तास लागतात, आमचं मशीन काही मिनिटांत लोड घेतं. संध्याकाळी सातला घराघरात दिवे लागतात तेव्हा ग्रिड सांभाळायला पाणीच लागतं. घाटघरला तर 125 मेगावॅटचे दोन संच, विजेची मागणी कमी असेल तेव्हा तेच पाणी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी परत खाली सोडतात. हे नळवाल्यांचं काम नाही.

आता दाजींची बाजूही लिहायला पाहिजे, कोळशाची धूळ त्यांनी तीस वर्षं छातीत घेतली आणि रोजचा मोठा भार त्यांचंच केंद्र ओढतं, पाऊस पडो न पडो. आमचं पाणी आधी पिण्याचं, मग शेतीचं, वीज त्याच्या नंतर, आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस सोडायचं पाणी, कधी सोडायचं ते टर्बाइन बघून कोणी ठरवत नाही. मी फिटर आहे, डिझाइनवाला नाही, हिशोब ढोबळ धरा. आणि धरणाखाली गेलेल्या गावांना तुमचं 'फुकट' ऐकवू नका, मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 साली आपल्या जमिनी धरणाखाली जाऊ नयेत म्हणूनच सत्याग्रह केला होता.

तुमच्या गावच्या कालव्यावर छोटं टर्बाइन बसवायचं डोक्यात असेल तर जरूर बसवा, माझं मत आहे की जिथे जिथे आवर्तन लांब चालतं तिथे बसवलंच पाहिजे. आधी वर्षभर लिहून ठेवा, कोणत्या महिन्यात किती क्युसेक, किती दिवस. आणि देखभालीला दोन माणसं धरा, एक नाही. म्हणजे एकाच्या भाचीचा साखरपुडा असला तर त्याला जाता येईल. हे उत्तर दाजींनाही पाठवतोय.