मोबदला, सानुग्रह की नुकसानभरपाई?

प्रश्न असा: अपघातात जायबंदी झालेल्याला मिळतो तो ‘मोबदला’ की ‘नुकसानभरपाई’? दोन्ही एकच ना?

बातम्यांत एकच समजतात, पण तसे नाही. ‘मोबदला’ मूळ अरबी, फारसीतून मराठीत आलेला. त्यात अदलाबदल आहे. काही दिले, त्याच्या बदल्यात काही घेतले. जमिनीचा मोबदला, कामाचा मोबदला बरोबर. ट्रकखाली गेलेला पाय कुणी दिलेला नसतो. ‘सानुग्रह’ म्हणजे अनुग्रहपूर्वक, कृपेने. सरकारने जाहीर केलेली मदत सानुग्रह. अपघाताचे दावे चालवणारे मोटार अपघात न्यायाधिकरण देते तो हक्क, म्हणजे नुकसानभरपाई.

‘नुकसानभरपाई’ (जोडूनच लिहावा) यातल्या ‘भरपाई’त भरणे आणि पावणे आहे: जेवढे उणे झाले तेवढे भरून पावणे. ‘पावती’ही त्याच पावण्यातली. म्हणजे माप जखमेचे नाही, उणे झाल्याचे. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्व 60 टक्के म्हणून कमाईही 60 टक्के बुडाली, असे धरणे इथेच चुकते. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डावा हात गेल्याचे उदाहरण दिले आहे. सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडेल. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. म्हणून दाखल्याइतकाच पुरावा कामाच्या स्वरूपाचा लागतो.

हिशेब असा: वय 28, स्वतःचा धंदा, महिना 20,000, म्हणजे वर्षाला 2,40,000. भविष्यातील वाढीचे 40 टक्के मिळवून 3,36,000. कमाईची क्षमता 40 टक्के घटली असेल तर वर्षाचे उणे 1,34,400. या वयाचा गुणक (वर्षाचे उणे किती पट धरायचे, तो वयानुसार ठरलेला आकडा) 17, म्हणून 22,84,800 रुपये. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चाची वजावट होते; जखमी माणूस जिवंत आहे, त्याचा खर्च चालूच आहे, तेव्हा इथे ती होऊ देऊ नये. उपचार, मदतनीस, पुढची शस्त्रक्रिया, वेदना हे सगळे वेगळे मागायचे. कृत्रिम पाय आयुष्यभर एकच पुरत नाही, हेही मागणीत लिहावे. बहुतेक वेळा तेच राहून जाते.

आणि तडजोडीच्या कागदावर ‘सर्व रक्कम भरून पावलो, आता काही येणे नाही’ असे वाक्य असेल, तर उपचार संपून अपंगत्व पक्के ठरेपर्यंत त्यावर सही करू नये. त्या सहीनंतर पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च मागणे फार अवघड होते.