प्रोब 3.6 दाखवतो आणि मीटर 4.8, मग खोटं कोण?

झिर्कोनिया या सिरॅमिकचा गरम प्रोब बॉयलरच्या धुरातला ऑक्सिजन कसा मोजतो आणि पोर्टेबल मीटरशी त्याचं रीडिंग का जुळत नाही, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नावर मी मेमो खाल्लाय, म्हणून आधी तोच.

साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला होतो. ऐन गळितात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालणाऱ्या बॉयलरचा प्रोब 3.6 टक्के दाखवत होता. चीफसाहेबांनी पोर्टेबल मीटर लावला, तो म्हणाला 4.8. "तुझा प्रोब मेलाय, बदल." मी प्रोबला हवा दिली, 20.9 आले, हवेत असतो तेवढाच ऑक्सिजन. 2 टक्के ऑक्सिजनची कॅल गॅस, म्हणजे तपासणीची प्रमाणित गॅस, दिली, तीही बरोबर. ऐकतो कोण! रात्री दोनला नवा प्रोब बसवला. त्यानेही 3.6 च दाखवलं. वर मेमो मलाच, नवा प्रोब वाया घालवला म्हणून.

अहो, बगॅसमध्ये निम्मं पाणी. त्याच्या धुरात वाफ 25 टक्क्यांच्या आसपास. प्रोब धुराड्यातच बसतो, वाफेसकट मोजतो. पोर्टेबल मीटर गॅस थंड करून पाणी काढून टाकतो आणि मग मोजतो. 4.8 गुणिले 0.75 करा, 3.6 येतात. दोन्ही खरे. पण ज्यांना हा गुणाकार करायचा नाही, त्यांनी मीटर हातात घेऊ नये.

आता तापवण्याचं. झिर्कोनियात यट्रिया (यट्रियमचा ऑक्साइड) मिसळला की स्फटिकाच्या जाळीत ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात. 700 अंशांच्या आसपास ऑक्सिजनचे आयन त्या जागांवरून सरकू लागतात. थंड असेल तर ती नुसती चिनीमाती. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला धूर, दोन्हीकडे प्लॅटिनम. ऑक्सिजनच्या दाबात दहापट फरक असेल तर 48 मिलिव्होल्ट मिळतात. दोन्हीकडे हवा दिली तर शून्य. 3.6 ला साधारण 37. म्हणजे ऑक्सिजन कमी तसे व्होल्ट जास्त, नवी पोरं इथेच गोंधळतात. हीटरचं तापमान घसरलं तर हिशेबही घसरतो, तेवढं बघा.

हां, प्रोब कधीच चुकत नाही असं नाही. फ्लँजचं गॅस्केट गळलं तर बाहेरची हवा शिरून आकडा वर जातो. धुरात सीओ (कार्बन मोनॉक्साइड) असेल तर तो गरम प्लॅटिनमवरच जळतो, ऑक्सिजन खातो, आकडा खाली येतो. पण फरक दर वेळी त्याच पटीत येत असेल तर आधी वाफ धरा. चीफसाहेबांना कागदावर गुणाकार करून दाखवा, आणि सही घ्या.

काढलेला तो प्रोब मी दोन नंबर बॉयलरवर बसवला. आणखी दोन हंगाम चालला.