५१२ मध्ये भागेल का?

या अंकात गेमिंग कन्सोलमधल्या जागेचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

दहावी झाल्यावर मुलाला एक्सबॉक्स सीरिज एस घेऊन द्यायचं कबूल केलंय. दुकानात ५१२ जीबी आणि १ टीबी असे दोन दाखवले, आणि मोठाच घ्या म्हणाले. माझ्या फोनला १२८ जीबी पुरून उरतात, मग याला ५१२ का पुरू नयेत? – एक पालक, टिळकवाडी, बेळगाव

फोनमधला फोटो तीन-चार एमबीचा, इथला मोठा गेम शंभर जीबीचा. त्यातून खोक्यावरचा आकडा सगळा तुमचा नसतो. कन्सोल चालवणारं सॉफ्टवेअर त्यातच राहतं, म्हणून ५१२ जीबीच्या सीरिज एसमध्ये गेमसाठी साधारण ३६४ जीबीच उरतात. १ टीबीच्या एक्सबॉक्समध्ये आठशेच्या आसपास, आणि २०२० साली आलेल्या सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशन ५ (पीएस५) मध्ये ८२५ पैकी ६६७.

आता हिशोब मांडताना विकत घेतलेले सगळे गेम मोजू नका. एका वेळी हातात असतात तेवढेच मोजा. एकट्या मुलाच्या हातात तीन-चारच्या वर गेम नसतात. कॉल ऑफ ड्यूटीसारखा एक शंभरच्या पुढचा, फुटबॉलचा एक पन्नासच्या आसपासचा, जीटीए ५ ला शंभर धरा, माइनक्राफ्ट तर दोन-तीन जीबीत मावतो. बेरीज अडीचशेच्या जरा वर गेली. वर अपडेट उतरवायला पन्नास-साठ जीबी मोकळे हवेतच. म्हणजे ३६४ मध्ये बसतंय, पण बेल्ट शेवटच्या भोकाला लावून.

खरा प्रश्न पुढेच आहे. सीरिज एसला डिस्क घालायची सोयच नाही, सगळं नेटवरून उतरतं. जागा केली म्हणून आज गेम उडवला, तर तो परत यायला किती वेळ? १०० एमबीपीएसच्या फायबरवर १०० जीबीला सव्वादोन तास, ४० एमबीपीएसवर साडेपाच तास. घरी फायबर असेल आणि खेळणारा एकटाच असेल, तर ५१२ घ्या आणि उरलेले पैसे दुसऱ्या कंट्रोलरला ठेवा. रात्री डाउनलोडला लावला की सकाळी गेम तयार. घरात दोन मुलं असतील किंवा गेम पास घेणार असाल (ही एक्सबॉक्सची वर्गणी भरून पुष्कळ गेम खेळायची योजना, तिथे दर आठवड्याला नवं काहीतरी चाखायचा मोह होतोच), तर मात्र १ टीबी. नंतर मागच्या खाचेत एक्स्पान्शन कार्ड घालून जागा वाढवता येते, पण कार्डाची किंमत आणि दोन मॉडेलमधला फरक दुकानातच शेजारी-शेजारी मांडून बघा. बऱ्याचदा आधीच मोठा घेतलेला बरा पडतो.

खानापूर तालुक्यात राहतो. गावात फायबर नाही, रोज २ जीबीचा मोबाइल पॅक आहे. डिस्क घालायची सोय असलेला पीएस५ घेतलाय. डिस्कवरून खेळलं तर आतली जागा लागणार नाही ना? – एक वाचक

लागते, आणि पूर्ण लागते. पीएस५ डिस्कवरून गेम चालवत नाही. आतल्या एसएसडीवर (गेम साठवणाऱ्या वेगवान चिपवर) त्याची नक्कल उतरवतो आणि ती चालवतो. त्यानंतर डिस्क फक्त हा गेम तुमचाच, एवढी साक्ष द्यायला आत असावी लागते. तरीही तुमच्यासाठी डिस्कच योग्य, कारण ती जागा वाचवत नसली तरी डेटा वाचवते. रोजच्या २ जीबीत १०० जीबीचा गेम उतरवायला पन्नास दिवस लागतील, तेही घरात दुसरं कुणी रील बघत नसेल तर. घेताना एवढं बघा की गेम पूर्ण डिस्कवर आहे. काही खोक्यांत डिस्कवर थोडाच भाग असतो आणि बाकी नेटवरून ओढावा लागतो. ते खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

तुमचा नियम एकच: एकदा नेटवरून आलेलं उडवायचं नाही, बाजूला काढून ठेवायचं. त्यासाठी यूएसबीची साधी १ किंवा २ टीबीची हार्ड डिस्क घ्या. पीएस५ ला २५० जीबी ते ८ टीबीपर्यंतची चालते. तिच्यावर पीएस५ चे गेम ठेवता येतात, खेळता येत नाहीत. कणगीतलं धान्य डब्यात काढल्याशिवाय शिजत नाही, तसा गेम आत आणावा लागतो. पण साध्या हार्ड डिस्कवरून १०० जीबी आत यायला साधारण वीस मिनिटं लागतात. पन्नास दिवसांपुढे वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. पीएस४ चे गेम मात्र थेट तिच्यावरून खेळता येतात, तेव्हा ते सगळे बाहेरच ठेवा.

हार्ड डिस्क थेट कन्सोलला जोडा, मध्ये यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) नको, आणि वायर मागच्या पोर्टला लावा. पहिल्या पीएस५ च्या पुढचा चौकोनी यूएसबी पोर्ट संथ आहे, तिथे लावून "डिस्क खराब निघाली" म्हणून परत नेणारे पुष्कळ. पहिल्यांदा जोडल्यावर कन्सोल ती फॉरमॅट करतो, आतलं सगळं पुसतं. लग्नाचे फोटो असलेली डिस्क जोडू नका. काढताना आधी सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन ती सुरक्षित काढायचा पर्याय द्या, मग वायर ओढा.

पावसाळ्यात वीज जाते तेव्हा कॉपी चालू असेल तर तेवढा गेम अर्धवट राहतो. कन्सोल बंद करून पॉवरचं बटण दुसरी बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. कंट्रोलर वायरने जोडा आणि सेफ मोडच्या यादीत पाचवा पर्याय निवडून डेटाबेस नव्याने बांधून घ्या. यात गेम आणि सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) पुसले जात नाहीत. शेवटच्या दोन पर्यायांना मात्र हात लावू नका, त्यांत सगळं जातं.

मोठी अपडेट आली तर? कन्सोलच पिशवीत घालून बेळगावात फायबर असलेल्या पाहुण्यांकडे एक रात्र मुक्काम करा. लोक हसतील, पण कित्येक दिवस वाचतील.

पहिल्या मॉडेलच्या पीएस५ मध्ये एसएसडी घालायचीय. कुठली घ्यावी, आणि घरी जमेल का? – निपाणी

जमेल. ती खाच त्यासाठीच दिलेली आहे. एम.२ एनव्हीएमई, पीसीआयई जेन ४, वाचण्याचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, एवढं खोक्यावर शोधा. एम.२ आकाराची साटा एसएसडीही दिसायला तशीच असते, ती चालत नाही. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) हवाच. हीटसिंकसकट एकूण जाडी ११.२५ मिमीच्या आत आणि रुंदी २५ मिमीपर्यंत हवी, नाहीतर झाकण बसणार नाही. बाजारात सहज मिळते ती २२८० मापाची, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब.

आधी सिस्टिम अपडेट करा. मग कन्सोल पूर्ण बंद करून सगळ्या वायरी काढा, थंड होऊ द्या आणि मऊ कापडावर आडवा ठेवा. कोपरा उचलून पांढरं कव्हर सरकवा. आतल्या लांबट झाकणाचा स्क्रू १ नंबरच्या फिलिप्स पेचकसाने काढा. आत एक छोटा स्क्रू आणि त्याखाली कडीएवढा स्पेसर असतो. तो ८० लिहिलेल्या भोकात आणून ठेवा. निम्मी माणसं इथे चुकतात: स्पेसर जुन्या भोकातच राहतो आणि एसएसडीचं टोक वर उचललेलं राहतं. एसएसडी तिरकी धरून खाचेत घाला, खाली दाबा, स्क्रू लावा, पण आवळून पिळू नका. हीटसिंक वेगळा लावत असाल, तर थर्मल पॅडवरचा प्लास्टिकचा पापुद्रा सोलला का ते बघा. तो तसाच राहिला तर एसएसडी तापते आणि गेम मध्येच अडखळतो.

चालू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅट करायला विचारतो आणि वेग दाखवतो. मग नवे गेम तिथेच उतरतील, असं स्टोरेजमध्ये ठरवून घ्या. इथून गेम थेट खेळता येतात.

गेम उडवला तर सेव्ह जाते का? – भालकी

नाही. पीएस५ वर गेम आणि सेव्ह वेगवेगळे राहतात. मात्र पीएस५ च्या गेमची सेव्ह पेन ड्राइव्हवर काढता येत नाही, क्लाउडवर ठेवायला प्लेस्टेशन प्लस ही वर्गणी लागते. एक्सबॉक्सवर क्लाउड फुकट आहे.

मोजके गेम आहेत, तरी जागा संपते. – शहापूर

पीएस५ असेल तर ट्रॉफीचे (गेममधल्या बक्षिसांचे) व्हिडिओ आपोआप साठत असतील. कॅप्चरच्या सेटिंगमध्ये जाऊन ट्रॉफी व्हिडिओ बंद करा आणि गॅलरी झाडून काढा. कॉल ऑफ ड्यूटीसारख्या गेमवर ऑप्शन्सचं बटण दाबून आतले भाग बघा. कॅम्पेन संपवून झाली असेल तर तेवढीच काढता येते, मल्टिप्लेयर राहतो.

निन्टेन्डो स्विच २ साठी जुन्या स्विचमधलं कार्ड चालेल का? – बेळगाव

गेमसाठी नाही. त्याला मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागतं. जुन्या कार्डातले फोटो आणि व्हिडिओ तेवढे बघता येतात. आणि दोन हजारांच्या आत २ टीबीचं कार्ड कुणी देत असेल तर घेऊ नका. अशी कार्डं बाहेरून मोठा आकडा दाखवतात, पण आत ३२ किंवा ६४ जीबीच असतात. भरली की जुन्या फाइलींवरच नव्या चढतात.