दुसऱ्या महायुद्धातील लष्करी सेवेमुळे सर्वाधिक नुकसान झालेला बेसबॉलपटू टेड विल्यम्सच म्हणावा का?

विल्यम्सचे नाव प्रथम सुचणे स्वाभाविक आहे. बॉस्टन रेड सॉक्सच्या या फलंदाजाचे १९४३ ते १९४५ हे तीन हंगाम लष्करी वैमानिक म्हणून गेले आणि पुढे १९५२-५३ मध्ये कोरियाच्या युद्धाने आणखी जवळपास दोन हंगाम खाल्ले. त्यामुळे त्याच्या ५२१ होमरनमध्ये या पाच वर्षांची भर पडती तर आकडा कुठवर गेला असता, हा हिशेब बेसबॉलचे रसिक आजही मांडत बसतात. माझे उत्तर मात्र वेगळे आहे. विल्यम्स १९४६ मध्ये परतला आणि त्याच वर्षी ०.३४२ च्या सरासरीने खेळला. कोरियाहून आल्यावर १९५३ च्या उरलेल्या हंगामात, ३७ सामन्यांत, त्याची सरासरी ०.४०७ होती. त्याची वर्षे गेली खरी, पण फलंदाजीचा हात शाबूत राहिला. ज्याचे फलंदाजीचे कसबच गेले असा खेळाडू म्हणजे वॉशिंग्टन सेनेटर्स संघाचा सेसिल ट्रॅव्हिस.

(क्रिकेटच्या सवयीने वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा: बेसबॉलमधील ही सरासरी धावांची नसते. हिशेबात धरल्या जाणाऱ्या फलंदाजीच्या दर हजार संधींपैकी किती वेळा फलंदाज स्वतःच्या फटक्यावर सुखरूप बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरील टप्प्यावर, पोहोचला, ते ती सांगते. अशा फटक्याला हिट म्हणतात. ०.३०० ओलांडणारा फलंदाज उत्तम समजला जातो.)

ट्रॅव्हिस हा जॉर्जिया राज्यातील रिव्हरडेलचा, शेतकरी कुटुंबातला, डावखुरा फलंदाज. १९३३ मध्ये पहिल्याच सामन्यात त्याने पाच हिट मारले. १९४१ चा हंगाम विल्यम्सच्या ०.४०६ सरासरीसाठी आणि न्यूयॉर्क यांकीज संघाच्या जो डिमॅजिओच्या सलग ५६ सामन्यांतील हिटसाठी अजरामर झाला आहे. पण त्या वर्षी सर्वाधिक हिट या दोघांपैकी कोणाच्याच नावावर नव्हते. ते ट्रॅव्हिसचे होते, २१८, आणि त्याची ०.३५९ ही सरासरी डिमॅजिओच्या ०.३५७ हून किंचित सरसच होती. तेव्हा तो २८ वर्षांचा होता.

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर महिनाभरातच तो सैन्यात दाखल झाला. सुरुवातीचा काळ जॉर्जियातील कॅम्प व्हीलर या प्रशिक्षण तळावर गेला आणि तिथे त्याला छावणीच्या संघातून खेळायलाही मिळाले. १९४४ च्या अखेरीस मात्र त्याची ७६ वी पायदळ डिव्हिजन युरोपात गेली. जर्मनांच्या शेवटच्या मोठ्या प्रतिहल्ल्याच्या, म्हणजे बल्जच्या लढाईच्या, त्या कडाक्याच्या हिवाळ्यात त्याच्या पायांना हिमदंश झाला आणि पाय वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये तो संघात परतला. सरासरीचे पुढचे आकडे वाचताना वाईट वाटते: त्या हंगामातील १५ सामन्यांत ०.२४१, १९४६ मध्ये ०.२५२, १९४७ मध्ये ०.२१६.

याचे खापर सहसा त्या गोठलेल्या पायांवर फोडले जाते. स्वतः ट्रॅव्हिसने तसे कधी केले नाही. इतक्या वर्षांच्या खंडाने आपले टायमिंग गेले, असेच तो सांगत राहिला. मला त्याचे म्हणणे पटते. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या उंचवट्यापासून फलंदाजापर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच असते आणि ताशी ९० मैलांचा चेंडू ते साधारण ०.४ सेकंदांत कापतो. बॅट फिरवायची की नाही, हा निर्णय त्यातल्या पहिल्या अर्ध्या भागातच घ्यावा लागतो. छावणीतले सामने ही सवय जेमतेम टिकवतील, खंदकातला हिवाळा तेवढेही करणार नाही. शिवाय तो परतला तेव्हा ३२ वर्षांचा होता. विल्यम्स १९४६ च्या हंगामाला उतरला तेव्हा २७ वर्षांचा होता, हा फरकही लहान नाही. अर्थात, ट्रॅव्हिससारख्या शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या, जागी क्षेत्ररक्षण करणाऱ्याला क्षणात डावी-उजवीकडे झेपावे लागते, त्यामुळे पायांचा दोष अगदी शून्य होता असे मी म्हणणार नाही.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर त्याच्या सन्मानार्थ एक रात्र साजरी झाली. जनरल आयझेनहॉवर जातीने हजर होते आणि भेटींमध्ये मोटारीबरोबर हेरफर्ड जातीचा एक धिप्पाड वळूही होता. तो हंगाम संपल्यावर ट्रॅव्हिस निवृत्त होऊन रिव्हरडेलच्या शेतावर गुरे पाळायला गेला. कारकिर्दीची सरासरी ०.३१४ असूनही बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, त्याला स्थान मिळालेले नाही.