कॅमेऱ्याआधी वही

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. दर रविवारी फुलपाखरांचे आणि चतुरांचे फोटो काढत रानात हिंडतो. आता लाखभराचा कॅमेरा हवा म्हणतो, ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफरच होणार’ म्हणतो. यावरून बापलेकांचा अबोला आहे. काय करावं? – एक आई, देवरुख

ताई,

कॅमेरा आत्ता घेऊ नका. पण नाही म्हणताना कारणही सांगा. फुलपाखरांच्या फोटोंवर घर चालवणारे माझ्या पाहण्यात जवळजवळ नाहीत. जे या क्षेत्रात आहेत ते शिबिरं घेतात, सहली नेतात, लग्नाच्या ऑर्डरीही करतात. हे त्याला बाबांच्या तोंडून नको, तुमच्या तोंडून कळू दे.

आणि बाबांना एक गोष्ट सांगा. पावसाळा सरता सरता शेतावर थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर त्यांनीही पाहिले असतील. त्या जातीचे चतुर दर ऑक्टोबरच्या सुमारास मालदीवमध्ये कुठून येतात, हा प्रश्न चार्ल्स अँडरसन यांना पडला. ते समुद्रजीवशास्त्रज्ञ, चतुर हा काही त्यांच्या पोटापाण्याचा विषय नव्हता. पण त्या बेटांवर गोडं पाणी जवळपास नाही आणि चतुराची पिल्लं तर पाण्यातच वाढतात. त्यांनी वर्षानुवर्षं तारखा टिपल्या आणि 2009 साली मांडलं, की हे चतुर भारताकडून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत. सगळं तारखांच्या नोंदींवर उभं राहिलं.

तुमच्या मुलाच्या फोटोंना तारीख, जागा आणि नाव आहे का, ते आधी बघा. नसेल तर एक वही आणून द्या. नाव शोधताना त्याची चांगली जिरेल, आणि ते बरंच आहे. कॉमन मॉर्मन या फुलपाखराची एक प्रकारची मादी कॉमन रोज या विषारी फुलपाखरासारखी दिसते. दोघींच्या पंखांवर पांढरे-लाल ठिपके, पण रोजचं अंग लाल, मॉर्मनचं काळं. नुसता पंखांचा सुंदर फोटो असेल तर फसगत ठरलेली. म्हणून पंख मिटलेला, उघडलेला, बाजूने असे तिन्ही फोटो हवेत. चतुराचा वरून आणि कडेने, शेपटीच्या टोकासकट. ‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर जाणकार ओळख तपासून देतात. अगदी जवळून फोटो काढायची, मोबाइलवर चिकटवायची मॅक्रो लेन्स काहीशे रुपयांत मिळते. सकाळी ऊन चढायच्या आत किडे गारठलेले असतात, तेव्हा तीही पुरते.

शिक्षणाचं म्हणाल तर जीवशास्त्र सोडू नये. बीएस्सी प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रात करावं. पुढे पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एमएस्सी आहे. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूची एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) इथे वन्यजीवशास्त्र शिकवतात, जागा मोजक्याच. भारतीय वनसेवेची परीक्षाही विज्ञान पदवीवर देता येते. बारावीचे मार्क मात्र लागतील, त्यात सवलत नाही.

पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत वही चालू राहिली, तर कॅमेऱ्यासाठी बाबांकडे मी शब्द टाकीन.

आणि हो, परसातल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी अळी दिसली तर झटकू नका. ती बहुधा त्या मॉर्मनचीच असते. मुलाला हाक मारा.